नगरपरिषदेला उभं राहताना प्राधान्यक्रम कसा ठरवायचा

नगरपरिषदेची निवडणूक लागली की बहुतेक जाहीरनामे सारखेच निघतात. काँक्रीटचे रस्ते, स्वागतकमान, जॉगिंग ट्रॅक, अभ्यासिका, नाट्यगृह. यातली एकही गोष्ट वाईट नाही. अडचण अशी की बांधकामासाठी शासनाचं अनुदान मिळतं, पण बांधलेलं चालवायला सहसा मिळत नाही. वीजबिल, माळी, चौकीदार, दुरुस्ती हे सगळं नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून भागवावं लागतं आणि ते उत्पन्न बहुतेक लहान शहरांत तोकडं असतं. म्हणून आमचा आग्रह एकच आहे: आहे ते नीट चालवण्याचा खर्च आधी मांडा, मग उरलेल्या पैशांत नवं काय बसतं ते बघा. जाहीरनामा या क्रमाने लिहायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे आचारसंहिता लागण्याची वाट पाहू नका.

खालची आकडेमोड ६०,००० लोकसंख्येचं शहर धरून केली आहे. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे ४०,००० ते १ लाख लोकसंख्येची नगरपरिषद ‘ब’ वर्गात येते, म्हणजे हे मधल्या आकाराचं शहर झालं. तुमचं शहर लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला.

आधी कागद मिळवा

माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. ‘सर्व माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज टाकला की उत्तरही मोघम येतं, म्हणून प्रत्येक विषयाचा वेगळा अर्ज करा आणि कागदाचं नेमकं नाव लिहा. एवढे कागद हातात असले पाहिजेत:

- गेल्या तीन वर्षांची मंजूर अंदाजपत्रकं आणि वार्षिक लेखे
- मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची मागणी-वसुली, थकबाकी आणि चालू वेगवेगळी दाखवून
- स्थानिक निधी लेखापरीक्षेचा शेवटचा अहवाल आणि न निकाली निघालेले आक्षेप
- बारा महिन्यांची पाणीपुरवठा आणि पथदिव्यांची वीजबिलं
- मंजूर आकृतिबंध (कोणत्या कामाला किती पदं) आणि रिक्त पदं
- चालू कामांची यादी, त्यात कार्यादेशाची तारीख, मुदत आणि दोष दायित्व कालावधी (काम झाल्यावर बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत)
- नगरपरिषदेच्या मालकीचे गाळे, त्यांचं भाडं, कराराची मुदत, थकबाकी

लेखापरीक्षेचा अहवाल बहुतेक उमेदवार मागतच नाहीत. खरं तर सगळ्यात उपयोगी कागद तोच. कोणत्या विभागात पावत्या जुळत नाहीत, कुठे अनामत परत गेली, कोणता आगाऊ दिलेला पैसा वर्षानुवर्षं समायोजित झालेला नाही, हे तिथे पानोपानी लिहिलेलं असतं.

अंदाजपत्रक वाचताना

अंदाजपत्रक फेब्रुवारीत सर्वसाधारण सभेपुढे येतं आणि दुसऱ्या दिवशी ‘अमुक कोटींचं शिलकी अंदाजपत्रक मंजूर’ अशी बातमी छापून येते. त्या आकड्यावर विसंबू नका. आरंभीची शिल्लक म्हणून दाखवलेल्या रकमेत बहुतांश पैसा योजनांच्या अनुदानाचा असतो, तो त्या कामाखेरीज कुठेच वापरता येत नाही. जमेच्या बाजूला पुढच्या वर्षी मिळतील अशा अपेक्षित अनुदानांची मोठी रक्कम मांडलेली असते, ती आली तर आली.

त्यामुळे तीन रकाने शेजारी ठेवा: गेल्या वर्षाचं प्रत्यक्ष, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. गेल्या वर्षी पाणीपट्टी प्रत्यक्षात ६० लाख जमा झाली असेल आणि पुढच्या वर्षाला १ कोटी ४० लाख धरली असेल, तर मधले ८० लाख कुठून येणार ते लेखापालांना विचारा. ठोस उत्तर नसेल तर ती रक्कम वजा करून स्वतःचं अंदाजपत्रक मांडा. मग भांडवली बाजू, म्हणजे नवी बांधकामं आणि खरेदी, पूर्ण बाजूला ठेवा आणि फक्त महसुली, म्हणजे दरवर्षीच्या उत्पन्न-खर्चाची, बाजू बघा. स्वतःचं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी, बांधकाम परवानगीचं शुल्क. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तेव्हापासून पगाराचा मोठा भार शासनाच्या सहायक अनुदानावर आहे. ते अनुदान वेगळं लिहा. आता खर्चात पगार, निवृत्तिवेतन, वीज, रसायनं, इंधन, सफाईचा ठेका, किरकोळ दुरुस्ती घ्या. दोन्हींतला फरक हा तुमच्या हातात असलेला खरा पैसा. कित्येक ठिकाणी तो शून्याच्या खाली जातो. तसं असेल तर ते मतदारांना निवडणुकीआधीच सांगायला हवं.

मालमत्ता कराच्या बिलावरची सगळी रक्कम नगरपरिषदेची नसते, हेही इथेच लक्षात घ्या. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर शासनासाठी गोळा करून भरायचे असतात. ते वापरून टाकलेले असले तर ते देणं ठरतं.

वित्त आयोगाचा निधी हा दुसरा गैरसमजाचा विषय. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी, दहा लाखांवरची महानगरं वगळून, बाकी शहरांना दिलेल्या निधीत ४० टक्के मोकळा आणि ६० टक्के बंधित ठेवला होता. बंधितातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. मोकळ्या भागातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. शिवाय लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकणं आणि मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करणं या अटी होत्या. २०२६-२७ पासून नव्या आयोगाचा काळ सुरू होतो, त्याचा शासन निर्णय वाचल्याशिवाय ‘वित्त आयोगातून करू’ असं एकही वाक्य जाहीरनाम्यात लिहू नका.

वसुली: सगळ्यात नावडतं आणि सगळ्यात आधीचं काम

करवाढ नको असेल तर वसुली हवी. दोन्ही नको म्हणणारा उमेदवार पाणी कुठून देणार हे सांगू शकत नाही.

समजा जुनी थकबाकी ३ कोटी, चालू मागणी २ कोटी, एकूण ५ कोटी, आणि वसूल झाले २ कोटी ४० लाख. वसुली ४८ टक्के. हा आकडा ऐकून काहीच कळत नाही. चालू मागणीपैकी किती आले? १ कोटी ७० लाख आले असतील तर चालू वसुली ८५ टक्के आहे आणि दुखणं जुन्या थकबाकीत आहे. ती उघडून बघितली की त्यात चार प्रकार निघतात: पाडलेली किंवा दोनदा नोंदलेली घरं, न्यायालयात अडकलेल्या मालमत्ता, सरकारी कार्यालयं, आणि ज्यांना परवडतं पण जे भरत नाहीत असे. पहिल्या प्रकाराची नोंद ठराव आणि पंचनाम्यासह रद्द करायची. सरकारी कार्यालयांची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत मांडायची. चौथ्या प्रकारातली सर्वांत मोठी ५० नावं घेऊन मागणी बिल, नोटीस, मग जप्तीची कारवाई या क्रमाने जायचं, आणि त्या यादीत तुमचा कार्यकर्ता असला तरी फोन करायचा नाही. नगरपरिषदेच्या वसुलीचं भवितव्य बऱ्याचदा त्या एका फोनवर ठरतं.

उशिरा भरणाऱ्याला दरमहा २ टक्के शास्ती लागते. ती माफ करण्याची घोषणा टाळ्या मिळवते, पण वेळेवर भरणाऱ्याला पुढच्या वर्षी थांबून बघायला शिकवते. त्यापेक्षा आधी भरणाऱ्याला सूट द्या.

मालमत्तांची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायला हवी. ती रखडली की गावठाणातलं जुनं घर आणि हमरस्त्यावर उठलेली तीन मजली इमारत यांची आकारणी जवळपास सारखीच राहते. दर न वाढवता फक्त नोंद नसलेले मजले आणि वापर बदललेली घरं नोंदली तरी मागणी वाढते. सर्वेक्षणाच्या ठेक्यात एक अट हमखास घाला: हरकती आणि सुनावणी संपेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही. नाहीतर एजन्सी मापं चुकवून निघून जाते आणि हजारो हरकती कर विभागातल्या चार माणसांच्या माथी येतात.

पाणी

जास्तीत जास्त वेळ इथे द्या. केंद्राच्या निकषानुसार भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर, नसलेल्याला ७० लिटर पाणी धरतात. ६०,००० लोकांना १३५ च्या हिशेबाने ८१ लाख लिटर लागतं. अनेक शहरांत धरणातून किंवा नदीतून एवढं पाणी उचललं जातं, तरी नळाला दोन दिवसांआड येतं. म्हणजे नवी योजना मागण्याआधी मधलं पाणी कुठे जातं ते शोधायचं.

यंत्रं नसतील तरी मोजणी होते. टाकीची क्षमता आणि पाण्याची उंची घ्या. ५ लाख लिटरच्या टाकीत पाण्याची खोली ४ मीटर असेल तर एक मीटर पातळी उतरली म्हणजे सव्वा लाख लिटर गेलं. आधी टाकीचे आत-बाहेरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून चार तास पातळी बघा. ती उतरली तर टाकी किंवा व्हॉल्व्हच गळतोय. मग ज्या झोनला पाणी सुटतं, त्या वेळेत पातळी किती उतरते ते लिहा. समजा ३ मीटर, म्हणजे पावणेचार लाख लिटर. त्या झोनमध्ये ५०० नळजोडण्या आणि अडीच हजार माणसं असतील तर माणशी १५० लिटर सोडलं. आता त्याच झोनमधल्या २० घरांत, सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या, १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा, त्यावरून मिनिटाला किती लिटर येतं ते काढा, पुरवठ्याच्या मिनिटांनी गुणा आणि घरातल्या माणसांनी भागा. सरासरी माणशी ८० लिटर निघाली तर उरलेलं ७० लिटर गळती, फुटलेली जोडणी किंवा चोरून घेतलेला नळ यांत जातंय. व्हॉल्व्हमनला सोबत घ्या. नकाशात नसलेले व्हॉल्व्ह त्याला तोंडपाठ असतात, आणि तो निवृत्त झाला की ती माहिती कायमची जाते. निवडून आलात तर पहिल्या वर्षात त्याच्याकडून प्रत्येक व्हॉल्व्हची जागा नकाशावर उतरवून घ्या, हे काम जवळजवळ फुकट होतं.

मग मीटर. सुरुवात घरांपासून करू नका, तीन जागी मोठे मीटर बसवा: जॅकवेलवर (नदी-धरणातून पाणी उचलायच्या विहिरीवर), जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडताना आणि प्रत्येक उंच टाकीच्या खाली. हे तीन आकडे रोज फलकावर लिहिले की गळती कोणत्या टप्प्यात आहे ते आठवड्यात दिसतं. घरोघरी मीटर नंतर, आणि पाणी नियमित आल्यावरच. आधी मीटर आणि नंतर पाणी असं केलं तर खंडित पुरवठ्यात नळातून येणाऱ्या हवेनेही मीटर फिरतो, लोक चिडतात आणि योजना मोडते. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या मलकापूरने मीटरसह चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे. तिथे जास्त वापराला चढता दर ठेवला. त्यामुळे कमी पाणी वापरणाऱ्याचं बिल आटोक्यात राहिलं.

वीजबिल हा पाण्याचा सगळ्यात मोठा खर्च. ८१ लाख लिटर पाणी ६० मीटर उंच चढवायला, पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ६५ टक्के असेल तर रोज सुमारे २,०४० युनिट लागतात. पंप झिजून ती ५० टक्क्यांवर आली तर सुमारे २,६५०. रोजचा फरक ६१० युनिट, वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास. तुमच्या बिलातल्या दराने गुणा आणि नव्या पंपाची किंमत शेजारी लिहा. उच्चदाबाच्या जोडणीला पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा भाग, खाली आला की बिल वाढतं, म्हणून तो सावरणारा कपॅसिटर पॅनेल चालू आहे का तेही बघा. बंद पडलेला पॅनेल महिनोन्‌महिने तसाच सोडून दिलेला सापडतो.

शुद्धतेत तडजोड नाही. शेवटच्या टोकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरिन उरलं पाहिजे. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरिन बघायची चाचणी, रोज व्हायला हवी आणि ती टाकीजवळच्या नळावर न करता शेपटाकडच्या नळावर व्हायला हवी. टीसीएल पावडरीत (ब्लीचिंग पावडरीत) ताजी असताना ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतं, दमट गोदामात ते झपाट्याने उतरतं. ५ लाख लिटरच्या टाकीला २ मिलिग्रॅमचा डोस द्यायला ३३ टक्क्यांची पावडर ३ किलो लागते, २० टक्क्यांची ५ किलो. कर्मचारी सवयीने तेवढीच डबी टाकतो आणि पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरू नये. साथीचं दुसरं कारण म्हणजे गटारातून गेलेल्या नळजोडण्या. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, छिद्रातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाण्याबरोबर घरात येतं. प्रभागातल्या अशा जोडण्या मोजून ठेवा. त्या गटाराबाहेर घेण्याचा खर्च एका स्वागतकमानीपेक्षा मोठा क्वचितच असतो, आणि एका लेकराचा जीव त्याने वाचू शकतो.

मैला आणि कचरा

भुयारी गटार योजना लहान शहरांना सरसकट परवडत नाही. ती बांधून झाल्यावर पंपिंग स्टेशनचं आणि शुद्धीकरण केंद्राचं वीजबिल कायमचं मागे लागतं. गल्ल्या अरुंद असतील आणि घरोघरी सेप्टिक टँक असेल तर टाक्या ठरावीक काळाने रिकाम्या करून तो गाळ शुद्ध करणं स्वस्त पडतं. वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसण्याचं वेळापत्रक लावलं आहे. हिशेब असा: १०,००० टाक्या, तीन वर्षांची फेरी, वर्षाला ३०० कामाचे दिवस. रोज ११ टाक्या. एक गाडी दिवसाला चार फेऱ्या करत असेल तर तीन गाड्या. एका टाकीतून तीन-चार हजार लिटर निघालं तर रोज ३५ ते ४५ हजार लिटर गाळ घेणारं केंद्र. तक्रार आल्यावरच उपसायचं ठरवलं तर लोक टाकी तुंबेपर्यंत थांबतात, तोवर तळाचा गाळ दगडासारखा होतो आणि पाइपने ओढला जात नाही. मग माणूस आत उतरवण्याचा मोह होतो. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे. ठेकेदाराच्या करारात, कार्यादेशात, बिलाच्या प्रमाणपत्रात तिन्ही जागी ही अट लिहून घ्या.

कचऱ्यात माणशी ३०० ग्रॅम धरले तर रोज १८ टन. घंटागाडीत एका फेरीला सुमारे ७०० किलो बसतात, म्हणजे २६ फेऱ्या, गाडीमागे तीन फेऱ्या धरल्या तर नऊ गाड्या आणि दोन राखीव. राखीव गाडी नसली की एक गाडी बिघडल्याबरोबर एका प्रभागात कचरा साचतो, तिथे कोपऱ्यावर ढीग लागतो आणि एकदा लागलेला ढीग मोडायला महिने जातात.

ठेक्याचं बिल नुसत्या वजनावर ठेवू नका. वजनावर पैसे मिळाले की डबर आणि माती गाडीत चढते. घरांच्या संख्येवर आणि ओला-सुका वेगळा आणण्यावर बिल बांधा, मिसळलेल्या गाडीला कपात ठेवा. वेंगुर्ल्याने वर्गीकरणावर नेट लावला म्हणूनच डंपिंगच्या जागेवर प्रकल्प उभा करून दाखवता आला. ओल्या कचऱ्याचं खत व्हायला सहा ते आठ आठवडे, ढिगात ५० ते ६० टक्के ओल आणि नियमित उलथापालथ लागते. वर्गीकरण न करता यंत्रं विकत घेतली तर प्लॅस्टिक अडकून श्रेडर पहिल्या पावसाळ्याआधीच बंद पडतो.

सफाई कामगार कंत्राटी असतील तर किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधीचं चलन पाहिल्याशिवाय बिल काढू नये. ठेकेदाराने निधी भरला नाही तर मुख्य नियोक्ता म्हणून नगरपरिषदेकडे वसुली येते. त्याहून मोठी गोष्ट, पहाटे पाचला शहर झाडणाऱ्या माणसाचा पगार तीन-तीन महिने थकणं ही शरमेची बाब आहे आणि ती प्राधान्यक्रमात वर असायला हवी.

रस्ते

क्रम पाळा: आधी जलवाहिनी, मग गटार, मग केबलसाठी आडव्या नळ्या, शेवटी रस्ता. नवा रस्ता सहा महिन्यांत खोदला जातो तो हा क्रम चुकल्यामुळे. दुसरी चूक, जुना थर न काढता त्यावर काँक्रीट ओतणं. दोन-तीन वेळा असं झालं की रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर जातो आणि पावसाचं पाणी उंबऱ्यातून आत येतं. अंदाजपत्रकात ‘जुना थर उकरणे’ ही बाब आहे का ते तपासा, आणि ती आहे पण प्रत्यक्ष केली नाही असं तर नाही ना, तेही.

काम चालू असताना नगरसेवक म्हणून बघायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मधून दोन्ही बाजूंना साधारण दोन टक्के उतार, म्हणजे मीटरला २ सेंटिमीटर. काँक्रीटवर किमान १४ दिवस पाणी. सांधे पहिल्या दिवसभरात कापलेले. काँक्रीटच्या नमुन्याचे ठोकळे समोर भरलेले आणि त्यांच्या ताकदीचे ७ व २८ दिवसांचे अहवाल बिलाला जोडलेले. मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीतली) लांबी-रुंदी टेपने मोजून बघता येते, त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. दोष दायित्व कालावधी संपण्याच्या दोन महिने आधी खड्डे, भेगांची यादी लेखी द्या. मुदत संपल्यावर तोच खड्डा नगरपरिषदेच्या पैशाने बुजवावा लागतो आणि अनामत परत गेलेली असते.

नाले मेअखेर साफ झाले पाहिजेत. काढलेला गाळ ४८ तासांत उचलला नाही तर पहिल्या सरीत परत नाल्यात जातो. नदीकाठच्या शहरात निळी पूररेषा, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, अशा दोन्ही नकाशावर पाहून घ्या. निळ्या रेषेच्या आत उद्यान किंवा मोकळं मैदान ठीक. तिथे व्यापारी संकुलाचं आश्वासन देऊ नका, चिपळूणने जुलै २०२१ मध्ये काय सोसलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

जे तुमच्या हातात नाही

पोलीस बंदोबस्त, एसटीचं आगार, राज्यमार्ग, महावितरणचा पुरवठा, रेशन. इथे ‘पाठपुरावा करू’ एवढंच लिहा आणि त्यासाठी कोणाकडे पत्र जाईल तेही लिहा. नगरपरिषदेच्या आतही एकट्या सदस्याला आदेश द्यायचा अधिकार नसतो. काम ठरावाने मंजूर होतं, अंमल मुख्याधिकारी करतात, आणि कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. त्यामुळे ठराव लिहिताना खर्चाचं लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातलं खातं), तरतूद आणि तांत्रिक मान्यतेचा उल्लेख नसला की तो अडकतो. विषयपत्रिका हातात आली की त्याच दिवशी फाइल बघायला जा. सभेत विरोध असेल तर तो कारणासह इतिवृत्तात नोंदवून घ्या, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तो शब्दशः आला आहे का ते वाचा. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून शेवटी येणारे ठराव सर्वांत बारकाईने वाचायचे असतात.

गाळे, फेरीवाले, वृक्षगणना, विकास आराखड्यातली आरक्षणं यांची माहितीही गोळा करा. यांपैकी गाळ्यांचं काम लवकर हाती घ्या. मुदत संपलेले करार आणि वीस वर्षांपूर्वीचं भाडं हे उत्पन्नातलं उघडं भोक आहे. फेरीवाल्यांबाबत २०१४ च्या कायद्याप्रमाणे सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती झाल्याशिवाय कोणालाही हटवण्याचं वचन देऊ नका, ते न्यायालयात टिकत नाही.

जाहीरनामा कागदावर

प्रत्येक आश्वासनासमोर चार रकाने करा: एकवेळचा खर्च, दरवर्षीचा देखभालखर्च, पैसा कुठून, कोणत्या वर्षी. उद्यान लिहायचं असेल तर दोन माळी, चौकीदार, पाणी, दिवे यांचा वार्षिक खर्च दुसऱ्या रकान्यात आलाच पाहिजे. शासनाच्या योजनेतून म्हणायचं असेल तर नाव लिहा, जसं नगरोत्थान किंवा अमृत २.०, आणि नगरपरिषदेचा स्वहिस्सा किती लागेल ते लिहा. स्वहिस्सा भरता न आल्याने अर्धवट राहिलेली टाकी किंवा इमारत तुमच्या तालुक्यातच एखादी दिसेल.

देखभालखर्चाच्या रकान्याची बेरीज करा आणि सुरुवातीला काढलेल्या खऱ्या शिलकीच्या शेजारी मांडा. बेरीज मोठी निघाली तर खालून वर आश्वासनं खोडत या. पाण्याची गळती, क्लोरिन, गटारातल्या जोडण्या, वसुली, कामगारांचे पगार, घंटागाडीची राखीव गाडी यांना हात लावू नका. खोडलेल्या आश्वासनांची यादीही छापा आणि प्रत्येकासमोर एक ओळीचं कारण द्या. प्रचाराला गेल्यावर ‘आमच्या गल्लीचं सभागृह का नाही’ असं विचारणाऱ्याला तो कागद दाखवता येतो.

निवडून आल्यावर पहिल्या सर्वसाधारण सभेच्या आधी मुख्याधिकाऱ्यांना तीन लेखी मागण्या द्या: तीन मोठ्या मीटरांचं अंदाजपत्रक, प्रभागनिहाय मागणी-वसुलीची यादी, आणि दोष दायित्व कालावधी येत्या वर्षभरात संपणाऱ्या कामांची तारीखवार यादी. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायला विसरू नका.